वेसाव्याच्या वाळूतून नाल्याकडे

ऑक्टोबर 2015 मध्ये मुंबईतल्या वर्सोव्याच्या, म्हणजे वेसाव्याच्या, किनाऱ्यावर दोन माणसे हातमोजे घालून उतरली. एक होते वकील अफरोज शाह, दुसरे त्यांचे 84 वर्षांचे शेजारी. सुमारे अडीच किलोमीटरच्या या पट्ट्यावर तेव्हा जागोजागी वाळू दिसतच नव्हती. प्लास्टिकचा थर गुडघ्याच्याही वर चढला होता. दोघांनी हाताला येईल ते गोणीत भरायला सुरुवात केली आणि पुढच्या आठवड्यात ते पुन्हा आले.

त्यानंतरचे आठवडे मुंबईने पाहिले. सोसायट्यांतली माणसे आली, शाळा-कॉलेजातली मुले आली, वेसावा कोळीवाड्यातले कोळी बांधव आले. वाळूत रुतलेली जाळी आणि गोधड्या हाताने निघत नव्हत्या, तिथे जेसीबी लागला. मे 2017 पर्यंत, म्हणजे 85 आठवड्यांत, सुमारे 50 लाख किलो कचरा उचलला गेला. त्याआधीच, 2016 मध्ये, संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने शाह यांना ‘चॅम्पियन ऑफ द अर्थ’ हा सन्मान दिला होता.

गोणीत भरला जाणारा माल रोजच्या ओळखीचा होता. दुधाच्या पिशव्या, चिप्सची पाकिटे, गुटख्याच्या पुड्या, शाम्पूची पाऊचे, थर्माकोल, एकेकट्या चपला. गणपती विसर्जनानंतर त्यात प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींचे अवशेष आणि निर्माल्याच्या पिशव्यांची भर पडे. सगळ्यांत चिवट ठरले ते लहान तुकडे. दुधाची पिशवी फोडताना कापून टाकलेला कोपरा नखाएवढा असतो. एकदा वाळूत मिसळला की तो वेचायला माणूस पुरत नाही, आणि त्या आकाराचे प्लास्टिक मासे व कासवे सहज गिळतात.

हा सगळा कचरा किनाऱ्यावर आलेल्यांनीच टाकला, असा समज मोहिमेच्या पहिल्या काळात अनेकांचा होता. तो टिकला नाही. ओशिवरा आणि पोईसर या नद्या मालाडच्या खाडीला मिळतात, आणि त्या खाडीचे मुख वर्सोवा व मढ यांच्या मधोमध आहे. वस्त्यांतून, बाजारांतून आणि उंच इमारतींच्या मागून वाहणाऱ्या नाल्यांत जे पडते, ते या वाटेने समुद्रात जाते. पावसाळ्यात वारा किनाऱ्याकडे वाहतो, मोठी भरती येते आणि तोच माल वाळूवर परत येतो. त्यामुळे एका रविवारी स्वच्छ केलेला किनारा पुढच्या भरतीला पुन्हा भरतो. स्वयंसेवक कमी पडतात म्हणून असे होत नाही, नाला वाहतच असतो म्हणून होते.

मोहिमेचा प्रवासही सरळ झाला नाही. नोव्हेंबर 2017 मध्ये शाह यांनी काम थांबवल्याचे जाहीर केले. स्वयंसेवकांना होणारी शिवीगाळ आणि गोळा केलेला कचरा उचलण्यातली दिरंगाई ही कारणे त्यांनी दिली. तक्रार रास्त होती. नागरिक ढीग रचू शकतात, पण तो हलवायला डंपर आणि तो टाकायला जागा यंत्रणेलाच द्यावी लागते. काही काळाने काम पुन्हा सुरू झाले. मार्च 2018 मध्ये याच वाळूतून ऑलिव्ह रिडले कासवांची किमान 80 पिल्ले समुद्राकडे गेली. कुत्र्यांपासून त्यांना जपायला स्वयंसेवक पहाऱ्याला उभे होते.

याच वर्षांत माहीम आणि दादरच्या किनाऱ्यांवरही तरुणांचे व रहिवाशांचे गट उतरले. मार्च 2018 मध्ये राज्याने प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली आणि जूनपासून दंडाची कारवाई सुरू झाली. जुलै 2022 पासून एकदा वापरून फेकायच्या काही प्लास्टिक वस्तूंवर देशभर बंदी आली. शाह यांचे काम तोवर उगमाच्या दिशेने सरकले होते. मिठी नदीत सफाई करायची आणि तिच्या काठच्या वस्त्यांत घरोघर कचरा वेगळा करायला शिकवायचे, हा त्याचा पुढचा टप्पा होता.

उगमापर्यंत पोहोचायचे तर कचऱ्याची मोजदाद हवी, आणि त्याला जुना आधार आहे. 1986 मध्ये अमेरिकेतल्या टेक्सासच्या किनाऱ्यावर लिंडा मॅरॅनिस आणि कॅथी ओ’हारा यांनी मोठी सफाई घडवली. सुमारे 2,800 स्वयंसेवकांनी कचरा उचललाच, शिवाय कोणती वस्तू किती सापडली हेही लिहून ठेवले. सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी जगभर होणारी आंतरराष्ट्रीय किनारा सफाई त्यातूनच उभी राहिली. या नोंदींत सिगारेटची थोटके वर्षानुवर्षे पहिल्या क्रमांकावर होती; 2019 च्या मोजणीत खाद्यपदार्थांच्या वेष्टनांनी त्यांना मागे टाकले. वजनाच्या आकड्यावरून हा बदल कधीच कळला नसता.

आपल्याकडच्या मोहिमांची बातमी मात्र अजून बहुधा टनांतच छापून येते. फेब्रुवारी 2022 मध्ये केंद्राने प्लास्टिक वेष्टनांची जबाबदारी उत्पादकांवर टाकणारी मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली. आता प्रत्येक सफाईत गोणी बांधण्याआधी वस्तू आणि कंपनीनिहाय मोजणी व्हायला हवी, ती त्या किनाऱ्याला मिळणाऱ्या नाल्याच्या नावासह जाहीर व्हायला हवी, आणि पालिकेने पुढच्या पावसाळ्याआधी त्याच नाल्याच्या तोंडाशी जाळी बसवायला हवी.