एका आडनावाचा ओढा

रातवा हा पक्षी आपणांपैकी थोड्यांनीच नीट पाहिला असेल. दिवसभर तो मातीच्या रंगात मिसळून जमिनीवर निपचित बसून राहतो आणि अंधार पडला की किडे टिपीत हिंडतो. या रातव्याच्या एका जातीस पक्षिशास्त्राने 'महारट्टेन्सिस' असे नाव दिलेले आहे. म्हणजे मराठ्यांच्या मुलुखातला. इंग्रजीत मात्र तोच पक्षी 'साईक्सचा रातवा' म्हणून ओळखला जातो. आपल्या दगडाळ माळांवर आढळणाऱ्या एका तुरेवाल्या चंडोलाचे शास्त्रीय नाव 'देवा' असे आहे, आणि एका वटवट्याचे 'रामा'. तेही इंग्रजीत साईक्सचेच. १८३२ साली ही तिन्ही नावे ज्याने प्रसिद्ध केली, तो कर्नल विल्यम हेन्री साईक्स हा मुंबईच्या लष्करातला अधिकारी. १८१७ साली खडकीच्या लढाईत तो आपल्याविरुद्ध लढला. पुढे १८२४ साली एल्फिन्स्टनने त्याला दख्खनची सांख्यिकीय माहिती गोळा करण्याच्या कामावर नेमले, तेव्हा माणसे, पिके, पाऊस यांच्याबरोबर त्याने पाखरे, मासे आणि रानकुत्रेही मोजले. आपल्या कोळसुंद्याला त्याने दिलेल्या लॅटिन नावात 'दख्खन' हा शब्द आहे.

याच आडनावाचा दुसरा एक गृहस्थ महाराष्ट्राला ठाऊक आहे, पण त्याची आठवण पाखरांइतकी गोड नाही. सर फ्रेडरिक साईक्स हे १९२८ ते १९३३ या काळात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर होते. मे १९३० मध्ये सोलापुरात लष्करी कायदा पुकारला गेला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लाप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्यास फाशी देण्यात आले, ते यांच्याच अमदानीत.

एक पाखरांचा साईक्स, एक फाशीचा साईक्स. शंभर वर्षांच्या अंतराने एकाच प्रांतात आलेले हे दोघे एकाच रक्ताचे काय? हा प्रश्न वरवर पाहता रिकामटेकडा वाटेल. परंतु 'एक आडनाव म्हणजे एक कूळ' ही समजूत आपल्याकडे तरी इतकी खोल रुजलेली आहे की, ती कुठे तरी कसास लावून पाहता आली तर आम्हांस हवीच आहे. योगायोग असा की, सबंध इंग्लंडातून नेमक्या याच आडनावाची ती परीक्षा पहिल्यांदा झाली.

प्रथम शब्दाचा अर्थ पाहू. 'साईक' म्हणजे उत्तर इंग्लंडच्या बोलीत लहानसा ओढा, पाणथळीतून वाहणारा झरा. पुष्कळदा दोन शिवारांची हद्दही असा ओढाच दाखवी. जुन्या इंग्रजीत हा शब्द होता आणि उत्तरेकडे येऊन वसलेल्या नॉर्स लोकांच्या भाषेतही त्याचा सख्खा भाऊ होता. येथे एक मौजेची गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. इंग्रजीत 'डाइक' आणि 'डिच' ही एकाच शब्दाची दोन रूपे. उत्तरेकडच्या तोंडी शेवटी 'क' राहिला, दक्षिणेकडे त्याचा 'च' झाला. तसेच 'साईक'चे दक्षिणी रूप 'सिच'. त्यावरूनही 'सिच' हे आडनाव झाले. म्हणजे साईक्स हे नाव कानावर पडताच, नकाशा न उघडतादेखील, हा मनुष्य मुळात उत्तरेकडचा असावा असे सांगता येते. शेवटचा 'स' हा अशा एकाक्षरी नावांच्या मागे सहज चिकटतो. ब्रुक्स, मिल्स, होम्स ही त्याचीच भावंडे.

तेव्हा मराठीत सांगावयाचे तर साईक्स म्हणजे 'ओढेकर'. पण ही तुलना फार ताणता येणार नाही. आपला पुणेकर किंवा नागपूरकर पुण्याबाहेर, नागपूरबाहेर गेल्यावर तसा म्हणवला जातो. पुण्यात राहणाऱ्या सगळ्यांनाच पुणेकर म्हणून काय उपयोग? ओढ्याकाठच्या माणसाला 'ओढ्याकाठचा' म्हणणारे लोक मात्र त्याच गावचे, त्याचे शेजारी. म्हणून गावावरून आलेले आडनाव माणूस गाव सोडून गेल्याची खूण असते, आणि ओढ्यावरून आलेले आडनाव तो तेथेच राहिल्याची.

अशा खुणेची गरज का पडली, हे समजण्यास सोपे आहे. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर जुनी सॅक्सन नावे मागे पडली आणि जो तो मुलाचे नाव विल्यम, जॉन, रॉबर्ट, रिचर्ड किंवा थॉमस ठेवू लागला. एका गावात आठ-दहा जॉन झाले म्हणजे कारकुनाने करवसुली कशी करावी? मग वह्यांतून जॉन लोहार, विल्यमचा मुलगा जॉन, तांबडा जॉन आणि ओढ्याकाठचा जॉन असे भेद दिसू लागले. आरंभी ही नावे त्या माणसाबरोबरच संपत. तेराव्या-चौदाव्या शतकांत ती बापाकडून मुलाकडे जाऊ लागली आणि मग ओढा सोडून टेकडीवर घर बांधणाऱ्याच्या मुलालाही साईक्सच म्हणू लागले. यॉर्कशायरच्या पश्चिम भागाचे सुदैव असे की, तेथील १३७९ सालच्या डोईपट्टीच्या याद्या बऱ्याच शाबूत राहिल्या. आपण ज्याला सरकारी जाच म्हणतो, त्याचेच कागद पुढे इतिहासाला कामी येतात.

आता प्रदेश पाहू. हडर्सफील्ड गावाच्या पश्चिमेस पेनाइन डोंगरांचे उतार चढू लागतात. जमीन खडकाळ, वर पाणथळ माळ, आणि त्या माळावरून असंख्य ओढे कोल्न नदीच्या खोऱ्यात उतरतात. स्लेथवेट हे त्या खोऱ्यातले एक गाव. लिहितात स्लेथवेट आणि तेथील लोक म्हणतात 'स्लाविट'. आपल्याकडेही नकाशावरचे गाव आणि तोंडातले गाव पुष्कळदा वेगळे असते, तेव्हा आपण हसण्याचे कारण नाही. येथे धान्य फारसे पिकत नाही. परंतु मेंढ्यांची लोकर आहे आणि ती धुण्यास ओढ्यांचे मऊ पाणी आहे. म्हणून घरटी थोडी जमीन आणि माडीवर हातमाग असा दुहेरी संसार तेथे शतकानुशतके चालला. शेतीचा तुकडा अपुरा पडला तरी मागावर पोट भरे. धाकट्या मुलांना मुलूख सोडावा लागत नसे. पुढे गिरण्या आल्या, त्याही त्याच पाण्याच्या काठी आणि त्याच खोऱ्यात. साईक्स लोक जागेवरून हलले नाहीत याचे खरे कारण, आमच्या मते, रक्तात नसून या लोकरीत आहे.

आडनावांचा हा चिवटपणा प्रथम मोठ्या प्रमाणावर मोजला तो हेन्री ब्रूम गपी या गृहस्थाने. १८९० साली त्याने ब्रिटनमधील आडनावांच्या माहेरघरांवर ग्रंथ लिहिला. त्याने युक्ती अशी केली की, शहरातली नावे सोडून देऊन केवळ शेतकऱ्यांची नावे परगण्यापरगण्याने मोजली. कारण शेतकरी हा सर्वांत कमी हलणारा. अलीकडे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील भूगोलज्ञांनी १८८१ ची खानेसुमारी आणि १९९८ च्या याद्या घेऊन हजारो आडनावांचे नकाशे काढले. साईक्स नावाचा दाट ठिपका दोन्ही काळांत पश्चिम यॉर्कशायरवरच पडतो. मध्यंतरी रेल्वे आली, दोन महायुद्धे झाली, गिरण्या बंद पडल्या, आणि तरी ठिपका हलला नाही. डोंगर ओलांडून तो लँकेशायर आणि चेशायरमध्ये थोडा पाझरला आहे. विनोदी नट एरिक साईक्स हा लँकेशायरकडच्या ओल्डहॅमचा. लंडनमध्ये तो आहेच, पण लंडनमध्ये कोण नाही?

इतके झाले तरी मूळ प्रश्न राहतोच. यॉर्कशायरमध्ये ओढे शेकडो. प्रत्येक ओढ्याकाठी एक जॉन राहत असणार. तेव्हा साईक्स घराणीही मुळात अनेक असली पाहिजेत, असेच जुन्या लेखांवरून दिसत होते.

ऑक्सफर्डचे आनुवंशिकीचे प्राध्यापक ब्रायन साईक्स यांना एकदा कोणी विचारले की, ग्लॅक्सो वेलकम या औषध कंपनीचे अध्यक्ष सर रिचर्ड साईक्स हे आपले नातेवाईक काय? ब्रायन यांना ते ठाऊक नव्हते. पण ते शोधण्याचे साधन त्यांच्या हाताशी होते. पुरुषाच्या पेशीत 'वाय' नावाचे एक गुणसूत्र असते. ते बापाकडून मुलाकडे जवळजवळ जसेच्या तसे जाते, आईचा त्यात काही वाटा नसतो. म्हणजे इंग्लंडात ज्या वाटेने आडनाव जाते, त्याच वाटेने हेही जाते. पिढ्यानुपिढ्या त्यात क्वचित एखादा लहानसा फरक पडतो, आणि त्या फरकांवरून एक वाण दुसऱ्यापासून ओळखता येतो. दोघा साईक्सांची गुणसूत्रे पडताळली, ती जुळली.

मग त्यांनी यॉर्कशायर, लँकेशायर आणि चेशायर येथील साईक्स पुरुष कोणतीही निवड न करता घेतले, त्यांना टपालाने लहान ब्रश पाठविले आणि गालाच्या आतून खरवडलेले नमुने परत मागविले. सहकारी कॅथरिन अर्व्हेन यांच्यासह त्यांनी २००० साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. जवळजवळ निम्म्या साईक्सांचा वाण एकच निघाला, आणि तो वाण त्याच भागातल्या इतर आडनावांच्या पुरुषांत आढळला नाही. त्यांनी अनुमान काढले ते असे : आज हयात असलेल्या साईक्सांचा मूळ पुरुष एकच, ओढे कितीही असोत. उरलेल्या निम्म्यांचे वाण सरमिसळ होते. सातशे वर्षांत कोठे ना कोठे नाव एकाचे आणि बीज दुसऱ्याचे असे घडले असावे, आणि त्याचे प्रमाण पिढीमागे सरासरी १.३ टक्के पडते, असा त्यांचा हिशेब होता.

वर्तमानपत्रांना यात अर्थातच यॉर्कशायरच्या बायकांचे शील दिसले. पण शास्त्रज्ञांचा शब्द 'पितृत्वभेद' असा कोरडा आहे आणि तो कोरडा आहे हेच बरे. पोरके मूल वाढविले, विधवेने पुनर्विवाह केला आणि पहिल्या घरची मुले नव्या बापाच्या नावाने ओळखली गेली, अविवाहित मुलीचा मुलगा आईच्या आडनावाने वाढला, इस्टेटीसाठी जावयाने सासऱ्याचे नाव घेतले, या सर्व वाटांनी नाव आणि बीज यांची फारकत होते. दत्तकाची रीत ज्या समाजात प्रतिष्ठेची आहे, त्या आपल्याला तरी हे समजावून सांगावयास नको. या सगळ्या गोष्टी जमेस धरूनही आकडा इतका लहान आहे, याचेच आम्हांस नवल वाटते.

परंतु हा निकाल शेवटचा नव्हे. एक तर त्या परीक्षेत गुणसूत्रावरच्या चारच खुणा पाहिल्या होत्या. आज डझनावारी पाहतात. दुसरे असे की, लीस्टर विद्यापीठातील टुरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी २००९ साली चाळीस ब्रिटिश आडनावांच्या १६७८ पुरुषांची तपासणी प्रसिद्ध केली. त्यांना आढळले की, आडनाव जितके विरळ, तितके साधारणपणे त्याचे लोक एका वाणाचे. एका टोकाला समवंशीयांच्या गटांत बसणारे प्रमाण ८७ टक्के, दुसऱ्या टोकाला शून्य. स्मिथ दोन भेटले तर ते कोणत्याही दोन इंग्रजांइतकेच परके; लोहार काय, गावोगाव होता. सरासरी ६२ टक्के.

आणि त्यांनी एक इशारा दिला, तो साईक्सांच्या कथेला लागू पडतो. समजा, सातशे वर्षांपूर्वी दहा ओढ्यांकाठी दहा साईक्स होते. एकाला फक्त मुली झाल्या. दुसऱ्याचे घर १३४८-४९ च्या प्लेगात बसले. तिसऱ्याचा एकुलता मुलगा अविवाहित राहिला. चौथ्याला मात्र पाच मुलगे, त्या पाचांना वीस. अशा रीतीने नऊ घराणी विझली आणि एक माजले, तर आज आपल्याला एकच वाण दिसेल. पण त्यावरून आरंभी एकच पुरुष होता असे म्हणता येणार नाही. आजच्या वाणांवरून सातशे वर्षांपूर्वीच्या मूळ पुरुषांविषयी खात्रीचे फारसे काही सांगता येत नाही, असे या संशोधकांनी स्पष्टच लिहून ठेवले आहे. ब्रायन साईक्स २०२० साली वारले. त्यांचा 'एक मूळ पुरुष' ऐकावयास गोड आहे, आणि कदाचित खराही असेल. पण तो सिद्ध झाला असे आम्ही म्हणणार नाही.

समुद्रापलीकडे तर नाव आणि वाण यांची गाठ आणखी सैल होते. अमेरिकेत गोरे साईक्स आहेत तसे काळेही आहेत. १९०६ साली आर्कान्सासमध्ये जन्मलेला ब्लूज वादक रूझवेल्ट साईक्स हा त्यांपैकी प्रसिद्ध. गुलामगिरी १८६५ साली संपली तेव्हा मुक्त झालेल्या अनेकांच्या नावामागे जुन्या मालकांचीच आडनावे राहिली, काहींनी आपण होऊन दुसरी निवडली. अशा ठिकाणी आडनाव म्हणजे बापाची खूण नसून मालकीचा शिक्काही असू शकतो, आणि तो शिक्का लोकांनी पुढे आपल्या कर्तृत्वाने स्वतःचा करून घेतला.

राहिले आपले दोन साईक्स. पाखरांचा कर्नल ब्रॅडफर्डजवळ जन्मला, म्हणजे हडर्सफील्डपासून फार तर पाच-सहा कोसांवर. त्याचे घराणे त्याच मुलुखातले. गव्हर्नर साहेबांचा जन्म लंडनजवळच्या क्रॉयडनचा, पण त्यांचे चुलते, शिल्पकार गॉडफ्रे साईक्स, यॉर्कशायरमध्येच जन्मले होते. दोघांच्याही नावातला ओढा पेनाइनच्याच उतारावर शोधावा लागेल, एवढे म्हणावयास हरकत नाही. त्या दोघांचा मूळ पुरुष एकच होता की काय, हे सांगण्यास दोघांच्याही घराण्यांतील आजचा एकेक पुरुष गालाचा नमुना देण्यास तयार व्हावा लागेल. आणि नमुने जुळले नाहीत तर मधल्या कोणत्या पिढीत काय झाले, हे तरीही कळणार नाही.