रक्त थोपविणारी सुई

जालना ही कापसाची, बियाण्यांची व लोखंडाची पेठ. रुईचा धुरळा येथें परिचयाचा, आणि चोंदलेलें नाक व कपाळाचा ठणकाहि परिचयाचाच. मात्र एकाचें खापर सर्वस्वीं दुसऱ्यावर फोडतां यावयाचें नाहीं. नाकाभोंवतालच्या हाडांत ज्या पोकळ्या असतात, ज्यांस सायनस म्हणतात, त्यांचा जुना दाह औषधांनीं हटला नाहीं म्हणजे शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो. त्यासाठीं औरंगाबादेस, आजच्या छत्रपति संभाजीनगरास, १९५६ सालीं निघालेल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचा आधार होता. २०२४ सालीं खुद्द जालन्यासहि असें महाविद्यालय सुरू झालें.

रोगी संपूर्ण भुलीनें निजलेला असतां नाकांत आणखी बधिर करणारी सुई कशास, असा प्रश्न घरच्यांस सहज पडतो. ती सुई मुख्यतः वेदनेसाठीं नसून रक्तासाठीं असते. नाकाचें अस्तर रक्तवाहिन्यांनीं गच्च भरलेलें आहे. शस्त्रवैद्य बोरूहून बारीक दुर्बिणींतून पाहत असतो. भिंगावर रक्ताचा एक थेंब आला कीं सारें धूसर. त्यांतून सायनस व डोळा यांमधील हाड कागदासारखें पातळ, आणि छतापलीकडे मेंदू! तेथें चांचपडून चालत नाहीं.

या सुईंतील लिग्नोकेन एकटें दिलें तर रक्तवाहिन्या उलट सैल करतें. खरें काम अॅड्रेनॅलिनचें. जपानी रसायनज्ञ जोकिची ताकामिने यांनीं १९०१ च्या सुमारास तें शुद्ध रूपांत वेगळें केलें आणि लवकरच जर्मन शस्त्रवैद्य हाइनरिख ब्राउन यांनीं बधिर करणाऱ्या औषधाशीं त्याची जोड घातली. लाख किंवा दोन लाख भागांत एक भाग, एवढेंच तें असतें. तरी रक्तवाहिन्या आकसतात व बधिरताहि अधिक काळ टिकते. मात्र त्यास सुमारें दहा मिनिटें द्यावीं लागतात. सुई टोचतांच शस्त्र धरणें म्हणजे पेरल्या दिवशीं कणीस शोधणें होय.

हेंच औषध हजारांत एक या तीव्रतेनें कापसाच्या पट्ट्यांवर घेऊन नाकांत ठेवतात. तें चुकून टोचलें गेल्यास रक्तदाब एकाएकीं चढतो, हृदयाचा ठेका बिघडतो, प्राणावरहि बेततें. म्हणून दोन्ही द्रव निरनिराळ्या भांड्यांत, ठळक नांवें लिहून ठेवतात. आणि म्हणूनच हृदयविकार, रक्तदाब व रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या यांविषयींची हकीकत रोग्याच्या घरच्यांनीं आधींच सांगावयाची असते.