रिकामी खाण म्हणजे कचराभूमी नव्हे

शहराबाहेर बंद पडलेली दगडखाण दिसली, की ती कचरा टाकण्यासाठी निवडण्याचा मोह नगरपालिकांना होतो. खड्डा आयता, जमीन पडीक, शिवाय विरोध करणारी वस्ती थोडी. महाराष्ट्राच्या पठारी भागात मात्र ही निवड महागात पडू शकते.

येथील बेसॉल्ट खडक अभेद्य वाटत असला, तरी त्यात भेगा व सांधे असतात. सुरुंगांनी ते आणखी मोकळे होतात आणि झिरपणारे पाणी गाळणारा मातीचा थर तर खाणीत आधीच खरवडलेला असतो. आपल्या शहरांत ओल्या कचऱ्याचे प्रमाण मोठे. तो कुजताना सुटणारे काळपट पाणी, म्हणजे लीचेट, भेगांवाटे विहिरींपर्यंत पोहोचते. पुण्याच्या कचऱ्यामुळे फुरसुंगी व उरुळी देवाची येथील विहिरी नासल्या आणि ग्रामस्थांना टँकरच्या पाण्यावर अवलंबून राहावे लागले.

केंद्राच्या २०१६ च्या नियमांनी भरावभूमीसाठी नदीपासून १०० मीटर, तर तलाव, वस्ती व पाणीपुरवठ्याच्या विहिरींपासून २०० मीटर अंतराची अट घातली. अस्तराचा तळ भूजलाच्या सर्वोच्च पातळीपेक्षा किमान २ मीटर उंच असावा, असेही त्यात म्हटले होते. अंतर फीत धरून मोजता येते; भेगांचा माग काढण्यासाठी विंधनछिद्रे घ्यावी लागतात. आणि भूजलाची नोंद पावसाळ्यानंतर करावी लागते. मे महिन्यात कोरडा ठणठणीत दिसणारा खड्डा सप्टेंबरात तुडुंब भरलेला असू शकतो.