एका दिवसाचें अलीबाग

मुंबईहून एका दिवसांत जाऊन परत येतां येईल असें समुद्रकांठचें गांव म्हटलें म्हणजे पहिलें नांव अलीबागचें निघतें. शनिवारीं रात्रीं बेत ठरतो, रविवारीं पहांटें पिशव्या भरल्या जातात आणि संध्याकाळीं मंडळी परत येते ती बहुधा एकच तक्रार घेऊन : किल्ला दिसला, पण पाहतां आला नाहीं, मध्यें पाणी होतें. तक्रार खरी असते. पण दोष समुद्राचा नसतो. निघतांना बोटीचें वेळापत्रक पाहिलेलें असतें, सुटीचा वार पाहिलेला असतो. पंचांग मात्र पाहिलेलें नसतें. अलीबाग वारावर चालत नाहीं, तें तिथीवर चालतें. तेथें काय पाहावयास मिळेल हें जसें तिथीवर, तसें ताटांत काय पडेल हें पुष्कळसें खाऱ्या व गोड्या पाण्याच्या व्यवहारावर ठरतें. हा व्यवहार समजून घेऊन जो जातो, त्याला एक दिवसही पुरतो.

समुद्राला भरती दिवसांतून दोनदा येते व ओहोटीही दोनदा लागते. चंद्र पृथ्वीभोंवतीं फिरत असल्यामुळें ही वेळ रोज सुमारें पाऊण तासानें पुढें सरकते. याच पाऊण तासावर कोंकणच्या दर्यावर्दी लोकांनीं एक सोपें गणित बसविलें आहे. ज्या दिवशींची भरती हवी त्या दिवसाची तिथि घ्यावी आणि तिची पाऊणपट करावी. येईल तो आंकडा म्हणजे पूर्ण भरतीची अजमासें वेळ. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन; म्हणून पहांटें तीनच्या आणि दुपारीं तीनच्या सुमारास भरती, व त्यांच्या मधोमध, सकाळीं नवाच्या सुमारास, ओहोटी. पंचमीला हीच ओहोटी पावणेदहा-दहाला येते. पक्ष शुक्ल असो वा कृष्ण, गणित तेंच.

पण वेळेइतकेंच महत्त्व पाण्याच्या उंचीला आहे. पौर्णिमा व अमावास्या यांच्या सुमारास सूर्य व चंद्र एका रेषेंत ओढतात. तेव्हां भरती मोठी येते आणि ओहोटीचें पाणीही दूरवर मागें जातें. हें उधाण. अष्टमीच्या सुमारास दोघांची ओढ काटकोनांत असते. तेव्हां पाणी फारसें चढत नाहीं आणि फारसें उतरतही नाहीं. याला भांग म्हणतात. अष्टमीला ओहोटी नेमकी दुपारीं बाराला येते म्हणून जो निघेल, त्याला किल्ल्याच्या वाटेवर पाणी उरलेलें आढळण्याचा संभव मोठा. यास्तव सकाळीं मुंबई सोडणाऱ्याला चतुर्थी-पंचमीचे दिवस सोईचे. हें गणित अजमासाचें आहे. किनाऱ्यावर पोंचल्यावर छापील भरती-ओहोटीचा तक्ता व स्थानिक माणसाचा शब्द हींच अखेरचीं प्रमाणें.

मुंबईच्या गेटवेपासून मांडव्यापर्यंत बोटीला सुमारें एक तास लागतो व मांडव्याहून अलीबाग सडकेनें सुमारें वीस किलोमीटर आहे. पावसाळ्यांत ही बोट बंद असते. 2020 सालच्या मार्चपासून भाऊच्या धक्क्याहून मोटारींसह माणसें नेणारी मोठी बोटही मांडव्यास जाऊं लागली. सडकेचा मार्ग पेण-वडखळवरून जातो. पहांटेची पहिली बोट धरली, तर नवाच्या सुमारास पाऊल अलीबागच्या वाळूवर पडतें.

समोर कुलाब्याचा किल्ला. 1680 सालीं छत्रपति शिवाजीमहाराजांनीं या खडकाळ बेटाच्या बांधणीस हात घातला. त्याच वर्षीं महाराजांचें देहावसान झालें व काम संभाजीमहाराजांच्या कारकीर्दींत पुरें झालें. पुढें कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराचें हें मुख्य ठाणें बनलें. 1721 सालीं इंग्रज व पोर्तुगीज यांनीं एकत्र येऊन कुलाब्यावर चाल केली, ती फसली. किल्ला पाहतांना दोन गोष्टींकडे लक्ष द्यावें. पहिली, तटाचे मोठमोठे चिरे चुना न भरतां एकावर एक रचलेले आहेत. लाटेचें पाणी चिऱ्यांच्या फटींत शिरतें, तिचा जोर वांटला जातो व भिंत टिकते, असा त्याचा उलगडा सांगतात. दुसरी, चोहोंकडे खारें पाणी असतां किल्ल्याच्या आंत गोड्या पाण्याचा सांठा आहे. हें पाणी नसतें, तर किल्ला ओहोटीच्या प्रत्येक वेळीं शत्रूच्या दयेवर राहिला असता. आंतील गणपतीचें मंदिर राघोजी आंग्रे यांनीं 1759 सालीं बांधविलें. देवदर्शन व तटावरील फेरी यांस तासभर लागतो. त्यापुढें रेंगाळूं नये. ओहोटीची वाट परतणाऱ्या भरतीनें पुसली जाते तेव्हां आवाज होत नाहीं. पाणी आधीं बाजूंच्या खळग्यांतून येतें, आणि कोरड्या वाळूवर उभ्या असलेल्या माणसाला आपण वेढले गेलों हें उशिरा कळतें. घोडागाडी उथळ पाण्यांतून जाते हें खरें. पण तिच्या भरंवशावर वेळ दवडणें शहाणपणाचें नव्हे.

गांवांत परतल्यावर 1729 सालीं निधन पावलेल्या कान्होजींची समाधि आहे. तेथून किनाऱ्याकडे वळलें म्हणजे एक वेगळ्याच प्रकारचें स्थान लागतें : पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद ठेवणारी वेधशाळा. ही नोंद आधीं मुंबईच्या कुलाब्यास 1841 पासून होत असे. मुंबईंत विजेच्या ट्रामगाड्या येणार असें ठरलें, तेव्हां त्यांच्या प्रवाहानें नाजूक सुया ढळतील हें उघड झालें. मग अलीबाग निवडलें गेलें. इमारतींत लोखंड वापरलें नाहीं. दगडही चुंबकत्व नसलेला आणला. 1904 ते 1906 पर्यंत दोन्हीं ठिकाणीं एकाच वेळीं नोंदी घेऊन जुनी मालिका नव्या मालिकेशीं जोडली गेली, व 1907 सालीं मुंबईंत विजेची ट्राम सुरू झाली. अशा रीतीनें शंभर वर्षांहून जुनी ही नोंद अखंड राहिली, ती शहराचा गोंगाट दूर ठेवल्यामुळें.

याच परिसरांत एका प्राचीन समाजाची स्मृति आहे. अलीबागच्या उत्तरेस नवगांव येथें आपल्या पूर्वजांचें गलबत फुटून ते किनाऱ्यास लागले, अशी बेने इस्रायल समाजाची परंपरा सांगते. तेल गाळण्याचा धंदा करणारे व शनिवारीं घाणा बंद ठेवणारे म्हणून त्यांना शनिवार तेली म्हणत. अलीबागचें त्यांचें प्रार्थनामंदिर 1848 सालचें आहे. 1948 नंतर यांतील बहुतेक कुटुंबें इस्रायलला गेलीं; परंतु एलिया प्रेषिताच्या नांवानें करावयाचा मलिदा त्यांच्याबरोबर गेला. मलिदा म्हणजे भिजविलेले पोहे, ओलें खोबरें, साखर, वेलदोडा व सुका मेवा. धर्म यहुदी, पण नैवेद्य कोंकणच्या भातखाचराचा. भूमि माणसाला आपलेंसें करते, ती बहुधा प्रथम स्वयंपाकघरांत.

आतां जेवणाकडे. अलीबागच्या घरगुती खाणावळींत ताट येतें तें तांदळाच्या भाकरीचें. उकळत्या पाण्यांत पीठ घालून उकड काढावयाची, ती मळून पातळ भाकरी थापावयाची. म्हणून ती पांढरी व लुसलुशीत होते. बरोबर मासळीचें कालवण, तळलेले बोंबील आणि शेवटीं सोलकढी. मांसाहार न करणाऱ्यास वालाचें बिरडें आहे : मोड आणून सोललेल्या कडव्या वालांना खोबरें व कोकम यांची जोड देऊन केलेलें.

बोंबील हा भरती-ओहोटीच्या प्रवाहानेंच जाळ्यांत येणारा मासा. कोळी लोक खोल पाण्यांत डोल नांवाचें पिशवीसारखें जाळें रोवतात. त्याचें तोंड प्रवाहाकडे असतें, आणि पाण्याच्या ओढीनें मासळी आंत लोटली जाते. प्रवाह थांबला म्हणजे मासेमारीही थांबते. बोंबलाच्या अंगांत पाणी फार, म्हणून तो लवकर नासतो. यासाठीं दोन-दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ते बांबूच्या मांडवावर उन्हांत वाळत घालतात. जून व जुलै हे दोन महिने यांत्रिक बोटींच्या मासेमारीस सरकारी मनाई असते. त्या काळांत घरोघर याच सुक्या मासळीवर भागवितात. पावसाळ्यांत ताज्या पापलेटाचा हट्ट धरणाऱ्या पाहुण्यानें हें लक्षांत ठेवावें.

या भागाचा खरा मानाचा मासा जिताडा. समुद्राला मिळणाऱ्या खाडींत तो जन्मतो, पण गोड्या पाण्यांतही उत्तम वाढतो. पावसाळ्यांत खाडींतून आलेलीं त्याचीं पिलें धरून खारेपाटांतील शेतकरी घरालगतच्या तळ्यांत सोडतात. घरीं मोठा पाहुणा आला म्हणजे तळ्यांतला जिताडा निघतो.

हिंवाळ्यांत गेलेल्यास पोपटी चुकवूं नये. वालाच्या कोंवळ्या शेंगा, मीठ, ओवा, बटाटे, अंडीं किंवा कोंबडी हें सारें मडक्यांत भरतात. तळाशीं व तोंडाशीं भांबुर्डा नांवाच्या रानवनस्पतीचा पाला दाबून बसवितात, मडकें शेतांत उपडें ठेवतात व भोंवतीं काटक्या-पेंढा पेटवितात. पाण्याचा थेंब घालीत नाहींत. शेंगांचाच ओलावा वाफ होऊन आंत कोंडतो व सारें शिजवितो. भांबुर्ड्याचा उग्र वास पदार्थाला लागतो. मडक्यावर पाणी शिंपडून तें चर्र करून उडालें, म्हणजे पोपटी झाली.

उन्हाळ्याच्या तोंडावर सडकेच्या कडेला पांढऱ्या कांद्यांच्या माळा टांगलेल्या दिसतात. कार्ले, खंडाळे, नेहुली, सागांव, तळवली या गांवांत भात कापल्यावर त्याच शेतांत हा कांदा लावतात व बीं पुष्कळदां घरचेंच राखतात. कांद्याचा तिखटपणा त्यांतील गंधकयुक्त द्रव्यांमुळें असतो. येथील कांद्यांत तीं कमी असल्यामुळें तो कच्चा खातां येतो व कापतांना डोळ्यांना पाणी येत नाहीं. त्याला आतां भौगोलिक मानांकनही मिळालें आहे. म्हणजे इतर ठिकाणचा पांढरा कांदा अलीबागचा म्हणून विकणें गैर ठरतें.

हें सारें ताट दोन पाण्यांच्या मधल्या एका मातीच्या बांधावर अवलंबून आहे. अलीबाग-पेणकडील खाडीकांठच्या जमिनी भरतीच्या पातळीहून फारशा उंच नाहींत. पिढ्यान्‌पिढ्या लोकांनीं बांध घालून त्या समुद्रापासून सोडविल्या. बांधांत उघाडी असते : तिची झडप भरतीच्या दाबानें आपोआप मिटते आणि ओहोटी लागली म्हणजे आंतल्या पावसाच्या पाण्याला वाट देते. पहिल्या पावसानें जमिनींतलें मीठ धुऊन निघतें, मग भात लागतो. खारेपणा सोसणारें राता नांवाचें लाल भातही याच जमिनींत होतें. या जमिनींसाठीं 1948 सालीं मुंबई प्रांतांत स्वतंत्र कायदाही झाला. पण बांध कायद्यानें उभा राहत नाहीं. तो दरवर्षीं चिखल लावून राखावा लागतो. उधाणाच्या एका रात्रीं त्याला खांड पडली, कीं शेतांत खारें पाणी शिरतें, तळ्यांत शिरतें, विहिरींतही उतरतें. तें काढावयास कित्येक पावसाळे लागतात. तोंवर त्या शेतांत कांदळवन उगवतें व शेतकरी दुसऱ्याच्या दारीं मजुरीस जातो.

दुसरें संकट कोरड्या पायांनीं येतें. मुंबई जवळ आली तशी जमिनीची किंमत वाढली, आणि जेथें भात व त्यामागून कांदा निघे तेथें सुटीचे बंगले उठूं लागले. जमीन विकणाऱ्याला दोष देणें सोपें आहे. पण वर्षाच्या दोन पिकांनीं जें हातीं येत नाहीं तें एका सहीनें येत असेल, तर त्याचा मोह समजण्याजोगा आहे. पाहुण्याच्या हातीं एवढेंच असतें, कीं त्यानें तेथें जाऊन तेथलेंच खावें व योग्य दाम द्यावें. मुंबईचे पदार्थ मागणारा पाहुणा नकळत त्या शेताची किंमत कमी करतो. सडकेवर कांद्याची माळ घेणारा ती थोडी वाढवितो.

परतीची बोट मांडव्याहून निघते तेव्हां पंचमीच्या दिवशीं मोठी भरती होऊन गेलेली असते आणि कुलाब्याच्या वाटेवर, सकाळीं जेथें पावलें उमटलीं तेथें, पुरुषभर पाणी असतें. घरीं पोंचल्यावर माळ स्वयंपाकघरांत खुंटीला टांगावी. ती पुढें बरेच दिवस पुरते. आणि पुन्हां जाण्याचा बेत निघाला, म्हणजे आधीं पंचांग उघडावें.