राष्ट्रपतिपदासाठी कोणाचं नाव? यादी वाचण्याआधी गणित समजून घेऊ

राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांचा कार्यकाळ २४ जुलै २०२७ रोजी संपतो आहे. राज्यघटनेच्या कलम ६२ नुसार मुदत संपण्यापूर्वी नव्या राष्ट्रपतींची निवडणूक पूर्ण व्हावी लागते. म्हणजे उमेदवारांची नावं साधारण जून महिन्यात जाहीर होतील. पण नावांचे अंदाज त्याच्या कितीतरी आधी सुरू होतात. आपल्या समाजाच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर तर 'यंदा पहिला बौद्ध राष्ट्रपती होणार' असे मजकूर हमखास फिरतात. आनंद व्हावा अशीच ही कल्पना आहे. पण पोस्ट पुढे ढकलण्याआधी ही निवड होते कशी, हे नीट समजून घेतलं पाहिजे, असं आम्हाला वाटतं.

मतांचं गणित काय आहे?

राष्ट्रपतींना जनता थेट निवडत नाही. संसदेच्या दोन्ही सभागृहांतील निवडून आलेले खासदार आणि विधानसभांतील निवडून आलेले आमदार मतदान करतात. नामनियुक्त खासदारांना आणि विधान परिषदेच्या आमदारांना इथे मत नसतं. आमदाराच्या मताचं मूल्य १९७१ च्या जनगणनेवरून ठरतं. महाराष्ट्रातील एका आमदाराच्या मताचं मूल्य १७५ आहे, उत्तर प्रदेशात २०८, तर सिक्कीममध्ये फक्त ७. महाराष्ट्राचे २८८ आमदार मिळून ५०,४०० होतात. उत्तर प्रदेशाचे ४०३ आमदार मिळून ८३,८२४ होतात. २०२२ च्या निवडणुकीत एका खासदाराच्या मताचं मूल्य ७०० होतं आणि एकूण मतमूल्य १०,८६,४३१ होतं. त्यात मुर्मू यांना ६,७६,८०३, तर विरोधकांचे उमेदवार यशवंत सिन्हा यांना ३,८०,१७७ मतं मिळाली.

म्हणूनच २०२७ च्या सुरुवातीला अपेक्षित असलेली उत्तर प्रदेश विधानसभेची निवडणूक ही राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीचीही पहिली फेरी आहे.

आणखी एक गोष्ट. या मतदानासाठी पक्षाला व्हिप काढता येत नाही आणि मतदान गुप्त असतं. त्यामुळे पक्षांच्या बेरजेपेक्षा मतं इकडची तिकडे होऊ शकतात. १९६९ साली काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी हरले आणि व्ही. व्ही. गिरी दुसऱ्या पसंतीची मतं मोजल्यावर निवडून आले. तिसरे उमेदवार होते आपले चिंतामणराव देशमुख.

चर्चेतली नावं आणि प्रत्यक्षातली नावं

आजवरचा अनुभव असा की, सगळ्यात जास्त गाजलेलं नाव बहुधा मागे पडतं. २००७ मध्ये काँग्रेसकडून शिवराज पाटील यांचं नाव पुढे होतं. डाव्या पक्षांनी ते मान्य केलं नाही आणि राजस्थानच्या राज्यपाल प्रतिभाताई पाटील उमेदवार झाल्या. २०१७ मध्ये लालकृष्ण अडवाणी, सुमित्रा महाजन यांच्या नावांची चर्चा होती. १९ जूनला नाव जाहीर झालं ते बिहारचे राज्यपाल रामनाथ कोविंद यांचं. त्या वेळी विरोधकांच्या संभाव्य नावांत प्रकाश आंबेडकर, सुशीलकुमार शिंदे आणि भालचंद्र मुणगेकर यांचीही नावं छापून आली होती. शेवटी उमेदवारी मीरा कुमार यांना मिळाली.

असं का होतं? कारण नाव निवडताना सत्ताधारी पक्ष दोन हिशेब करतो. देशात कोणता संदेश जाईल हा एक, आणि समोरच्या आघाडीतले कोण फुटतील हा दुसरा. २०१७ मध्ये कोविंद यांच्या नावामुळे तेव्हा विरोधी आघाडीत असलेला जनता दल (संयुक्त) सोबत आला. २०२२ मध्ये आदिवासी महिला उमेदवार दिल्यावर झारखंड मुक्ती मोर्चाला आणि उद्धव ठाकरे यांच्या शिवसेनेलाही मुर्मू यांना पाठिंबा द्यावा लागला. वंचित समाजातील व्यक्तीला उमेदवारी मिळते तेव्हा त्यात सन्मान असतोच, पण हा हिशेबही असतो. दोन्ही एकाच वेळी ओळखता आलं पाहिजे.

२०२७ साठी कोण?

मुर्मू यांना पुन्हा उभं राहण्यास कलम ५७ नुसार आडकाठी नाही. मात्र दुसऱ्यांदा निवडून आलेले राष्ट्रपती आजवर एकटे डॉ. राजेंद्र प्रसाद. उपराष्ट्रपती सी. पी. राधाकृष्णन यांच्या नावाची चर्चा स्वाभाविक आहे. सहा उपराष्ट्रपती पुढे राष्ट्रपती झाले. पण १९९७ च्या के. आर. नारायणन यांच्यानंतर एकही नाही. राज्यपालपदी असलेली किंवा राहिलेली, फारशी चर्चेत नसलेली व्यक्ती निवडण्याकडे अलीकडचा कल दिसतो. विरोधक संख्येत कमी असतात तेव्हा अनेकदा निवृत्त न्यायाधीशांकडे वळतात. १९६७ मध्ये सरन्यायाधीश के. सुब्बा राव यांनी तर पदाचा राजीनामा देऊन निवडणूक लढवली होती.

याच कारणाने आपल्याकडे न्या. भूषण गवई यांचं नाव घेतलं जातं. ते देशाचे पहिले बौद्ध सरन्यायाधीश, नोव्हेंबर २०२५ मध्ये निवृत्त झाले. पण निवृत्तीनंतर कोणतंही सरकारी पद स्वीकारणार नाही, असं त्यांनी स्वतः जाहीर केलेलं आहे. मायावती यांनीही मार्च २०२२ मध्ये कोणत्याही पक्षाकडून आलेला राष्ट्रपतिपदाचा प्रस्ताव स्वीकारणार नसल्याचं सांगितलं होतं. ज्यांनी नाही म्हटलं आहे, त्यांची नावं आपणच फिरवत राहणं हा त्यांच्या शब्दाचा अनादर आहे.

आपलं बळ कुठे आहे?

उमेदवारी अर्जावर ५० सूचक आणि ५० अनुमोदक लागतात आणि ते सगळे मतदार, म्हणजे खासदार किंवा आमदारच असावे लागतात. आज कोणत्याही आंबेडकरी पक्षाकडे स्वतःच्या बळावर या शंभर सह्या नाहीत. २००७ मध्ये होत्या. तेव्हा बसपचे उत्तर प्रदेशात २०६ आमदार निवडून आले होते. त्यांचं मतमूल्य ४२,८४८. २०२२ मध्ये त्याच विधानसभेत पक्षाचा एक आमदार उरला. मतमूल्य २०८. राष्ट्रपती कोण व्हावा, यात आपलं म्हणणं ऐकलं का जात नाही, याचं उत्तर या दोन आकड्यांत आहे.

आजवर दोन दलित राष्ट्रपती झाले, बौद्ध एकही नाही. तो व्हावा, असं आम्हालाही वाटतं. पण त्या पदाकडून अपेक्षा कोणती ठेवायची? राष्ट्रपती राष्ट्राचं प्रतिनिधित्व करतात, राज्य करत नाहीत, असं बाबासाहेबांनी संविधान सभेत स्पष्ट केलं होतं. आपल्याच समाजाचं उदाहरण घ्या. अनुसूचित जातींची यादी १९५० मध्ये राष्ट्रपतींच्या आदेशाने निघाली, आणि त्यात धर्मांतरित बौद्धांना जागा नव्हती. ती १९९० मध्ये मिळाली, तीही संसदेने कायद्यात दुरुस्ती केली म्हणून.

तरीही व्यक्तीने फरक पडतोच. १९९७ मध्ये उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट लावण्याची मंत्रिमंडळाची शिफारस नारायणन यांनी फेरविचारासाठी परत पाठवली. पुढच्या वर्षी बिहारबाबतही तेच केलं. संविधानाचा आढावा घेण्याची भाषा सुरू झाली तेव्हा, जानेवारी २००० मध्ये संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात त्यांनी सरळ विचारलं होतं, की संविधान कमी पडलं की आपण संविधानाला कमी पडलो?

तेव्हा २०२७ मध्ये नाव जाहीर होईल त्या दिवशी जात आणि धर्म पाहून आनंद साजरा करण्याआधी एक प्रश्न विचारू या. समोर आलेली फाईल परत पाठवायची वेळ आली, तर ही व्यक्ती ती परत पाठवेल का? उमेदवाराचं आजवरचं सार्वजनिक जीवन तपासलं की उत्तराचा अंदाज येतो. आणि त्या दिवसाची वाट पाहत बसण्यापेक्षा, आपल्या मतदारसंघातून निवडून जाणारा आमदार कोणाचा असेल याची काळजी आजपासून घेऊ या. राष्ट्रपतींच्या निवडणुकीत आपल्याला थेट मत नाही. पण ज्यांना मत आहे, त्यांना आपणच निवडून देतो.