घराची मदत हवी? आधी घराचा कागद पाहा

सरकारी मदत म्हटलं की म्हाडाची सोडत आठवते. पण अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपरमध्ये आज जे डोक्यावर छप्पर आहे ते टिकवण्यासाठीही कायद्याचा आधार मिळतो. कोणता, हे तुमच्या हातातल्या कागदावर ठरतं.

लिव्ह अँड लायसन्सवर राहत असाल, तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 चं कलम 55 तुमचं आहे. करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतात. ते चुकीचं आहे हे मालकाने सिद्ध करायचं. मात्र मुदत संपल्यावर घर अडवून बसू नका. कलम 24 नुसार दुप्पट भाडं भरावं लागू शकतं.

पागडीच्या खोलीत भाडेपावती हाच पुरावा. ती देणं मालकाला बंधनकारक आहे. भाडं वर्षाला 4 टक्के वाढू शकतं. पण ठोस कारणाशिवाय पाणी-वीज तोडता येत नाही.

इमारत जुनी असेल तर सावध राहा. मुंबई शहर भागातल्या उपकरप्राप्त (सेस) इमारतींची दुरुस्ती म्हाडाचं मंडळ करतं. उपनगरांत ती सोय नाही. 30 वर्षांहून जुन्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्यावं लागतं. इमारत ‘सी-1’ म्हणजे अतिधोकादायक ठरली की पालिका आपल्या कायद्याच्या कलम 354 ची नोटीस देते. घर सोडण्यापूर्वी पालिकेच्या यादीत आपलं नाव आणि खोलीचं क्षेत्रफळ नीट नोंदलंय का, ते पाहाच. इमारत पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये स्पष्ट केलं आहे.

झोपडपट्टीत पुनर्वसनाचा सगळा भार ‘परिशिष्ट-2’ या पात्रता यादीवर. 1 जानेवारी 2000 पूर्वीचा पुरावा असेल तर 300 चौरस फुटांचं घर मोफत. त्यानंतरच्या, पण 1 जानेवारी 2011 पर्यंतच्या झोपडीला अडीच लाख रुपयांत. म्हणून जुनं वीजबिल, मतदारयादीतलं नाव, रेशन कार्ड फेकू नका.

सोसायटीत स्वतःचा फ्लॅट आहे, पण जमीन अजून बिल्डरच्याच नावावर? जिल्हा उपनिबंधकाकडे मानीव अभिहस्तांतरणाचा, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावे करून घेण्याचा, अर्ज करा. पुनर्विकासाच्या वेळी जमिनीचा हा कागद नसल्याची अडचण सर्वांत जास्त जाणवते. शिवाय 500 चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांना 2022 पासून मालमत्ता कर माफ आहे.

राहिली सोडत. अर्जदार, जोडीदार किंवा अज्ञान मुलांच्या नावे मुंबईत घर नसावं आणि अधिवास दाखला हवा. पती-पत्नीचं एकत्रित वार्षिक उत्पन्न 6 लाखांपर्यंत असेल तर अत्यल्प, 9 लाखांपर्यंत अल्प आणि 12 लाखांपर्यंत मध्यम गट. अर्ज ऑनलाइनच भरतात. नंबर लावून देतो म्हणणाऱ्या दलालाला एक रुपयाही देऊ नका.

म्हाडा, झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण आणि उपनगर जिल्हाधिकारी कार्यालय, तिन्ही वांद्रे पूर्वेला आहेत. प्रकरण कोर्टात गेलं, तर महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींना विधी सेवा प्राधिकरण उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील देतं. वाद उभा राहण्याआधी, या रविवारीच, आपली फाइल उघडा आणि जो कागद कमी आहे त्याच्या मागे लागा.