पिकलबॉल : उरल्यासुरल्यांचा खेळ

पिकलबॉल हे नाव ऐकले की आपल्याकडे प्रथम आठवते ती लोणच्याची बरणी. आमच्या जिमखान्याच्या फलकावर गेल्या वर्षी या खेळाची सूचना लागली, तेव्हा 'हे प्रकरण खायचे की खेळायचे?' या प्रश्नावर वर्गात बरीच चर्चा झाली. खेळायचेच आहे, एवढे आता मी खात्रीने सांगू शकते. गेले आठ महिने आठवड्यातून तीन दिवस मी हा खेळ शिकते आहे. मी काही तज्ज्ञ नव्हे. पण नवशिक्याला नेमके कुठे अडते, हे तज्ज्ञापेक्षा नवशिक्यालाच अधिक ताजे आठवत असते. म्हणून हा लेखनप्रपंच.

जन्मकथा

हा खेळ अमेरिकेतला. १९६५ च्या उन्हाळ्यात वॉशिंग्टन राज्यातील बेनब्रिज बेटावर जोएल प्रिचर्ड आणि बिल बेल हे दोन स्नेही घरी परतले, तर घरची मंडळी करमत नाही म्हणून बसलेली. आवारात बॅडमिंटनचे जुने मैदान होते, पण साहित्याचा पूर्ण संच काही सापडेना. मग टेबल-टेनिसच्या बॅटी आणि भोके असलेला प्लॅस्टिकचा चेंडू यांवर काम भागवले गेले. जाळे आरंभी बॅडमिंटनच्या उंचीवर, म्हणजे ६० इंचांवर होते. चेंडू जमिनीवर चांगला उसळतो हे ध्यानात आल्यावर ते ३६ इंचांपर्यंत खाली आणण्यात आले. लवकरच बार्नी मॅक्कॅलम हे तिसरे गृहस्थ सामील झाले आणि तिघांनी मिळून नियम बांधले. घरातल्या लहानथोरांना एकत्र खेळता यावे, हा त्यामागचा हेतू. त्याच वॉशिंग्टन राज्याने २०२२ साली पिकलबॉलला आपला अधिकृत राज्यखेळ ठरवले.

नावाची कथा मला विशेष आवडते. नौकांच्या शर्यतीत मुख्य संघांतून उरलेले वल्हेकरी गोळा करून जी नाव पाण्यात उतरवतात, तिला तिकडे 'पिकल बोट' म्हणतात. टेनिस, बॅडमिंटन, टेबल-टेनिस यांतले उरलेसुरले तुकडे जोडून झालेल्या या खेळाला प्रिचर्ड यांच्या पत्नी जोन यांनी त्यावरून हे नाव दिले. घरातल्या पिकल्स नावाच्या कुत्र्यावरून नाव पडले, अशीही एक कथा प्रचलित आहे; परंतु कुत्रा नंतर आला, असे त्या कुटुंबाचेच म्हणणे.

आपल्याकडे हा खेळ रुजवण्याचे श्रेय मुंबईच्या सुनील वालावलकर यांच्याकडे जाते. त्यांनी २००८ साली अखिल भारतीय पिकलबॉल संघटना स्थापन केली. आणखी एक जुनी सोयरीक सांगण्यासारखी आहे. पिकलबॉलचे मैदान म्हणजे मापाने बॅडमिंटनचेच मैदान. आणि बॅडमिंटनच्या घडणीत पुण्याच्या लष्करी छावणीचा वाटा एवढा मोठा, की त्या खेळाला एके काळी 'पूना' असेच म्हणत. तेव्हा हा पाहुणा अगदीच परका नाही.

मैदान आणि साहित्य

मैदान ४४ फूट लांब आणि २० फूट रुंद. एकेरीला आणि दुहेरीलाही तेच. जाळे दोन्ही कडांना ३६ इंच आणि मध्यभागी ३४ इंच उंच. जाळ्याच्या दोन्ही बाजूंना ७ फुटांवर एक आडवी रेघ असते. तिच्या मागे मध्यरेषेने प्रत्येक बाजूचे दोन चौक पाडलेले असतात. प्रत्येक चौक १५ फूट लांब व १० फूट रुंद. ज्यांच्याकडे बॅडमिंटनचे मैदान आहे त्यांना बाहेरच्या रेघा आयत्याच मिळतात. मात्र बॅडमिंटनची जवळची सर्व्हिस-रेघ जाळ्यापासून साडेसहा फुटांवर असते. तिच्यावर न विसंबता तिच्यामागे सहा इंचांवर खडूने नवी रेघ ओढावी.

चेंडू हलका, साधारण २२ ते २६ ग्रॅम वजनाचा; त्याला २६ ते ४० भोके असतात. भोकांमुळे हवेचा अडथळा वाढतो आणि चेंडूचा वेग लवकर मंदावतो. टेनिसच्या चेंडूपेक्षा तो उसळतोही कमी, म्हणून गुडघ्यांत वाकून खेळावे लागते. उघड्यावर वारा असला तर तो भलतीकडेच जातो. हातातल्या फळीला 'पॅडल' म्हणतात. तिला तारा नसतात. पूर्वी ती प्लायवुडची असे. आता आत मधाच्या पोळ्यासारखी पोकळ रचना आणि वर फायबरचा पातळ थर असतो. विमानातल्या अशाच हलक्या तक्त्यांपासून पॅडल बनवण्याची कल्पना १९८४ साली बोइंगमधील आर्लेन पॅरांटो या अभियंत्याने अमलात आणली.

दोन टप्पे

सर्व्हिस हात खालून वर नेत, कमरेच्या खाली चेंडू मारून करायची. ती तिरकस समोरच्या चौकात पडली पाहिजे. हे न जमणाऱ्याला चेंडू हातातून सोडून, टप्पा पडल्यावर मारण्याची मुभा २०२१ पासून आहे. नवशिक्याने खुशाल तिचा लाभ घ्यावा. संधी मात्र एकच. टेनिससारखी दुसरी सर्व्हिस मिळत नाही.

त्यानंतरचा नियम सर्वांत महत्त्वाचा. सर्व्हिस घेणाऱ्याने चेंडूचा टप्पा पडू द्यायचा. आणि त्याने परतवलेला चेंडू आला की सर्व्हिस करणाऱ्या बाजूनेही टप्पा पडू द्यायचा. हे दोन टप्पे झाले की मग चेंडू अधांतरी मारावा किंवा टप्पा घेऊन मारावा, हे ज्याच्या त्याच्या मर्जीवर. या नियमामुळे नुसत्या जोरदार सर्व्हिसवर धावून जाऊन गुण मिळवण्याची वाट बंद होते. धिप्पाड खेळाडूलाही थांबावे लागते, आणि समोरच्याला उभे राहायला अवसर मिळतो.

सोवळ्यातले स्वयंपाकघर

जाळ्यालगतच्या ७ फुटांच्या पट्ट्याला खेळाडू 'किचन' म्हणतात. या पट्ट्यात किंवा त्याच्या रेघेवर पाय असताना चेंडू अधांतरी मारता येत नाही. आत जायला बंदी नाही. पण मारण्यापूर्वी चेंडूचा टप्पा पडलेला हवा. जुन्या घरातले सोवळे-ओवळे ज्यांनी पाहिले असेल त्यांना हा नियम समजावून सांगावा लागत नाही. एवढेच नव्हे, तर बाहेर उभे राहून अधांतरी टोला मारला आणि त्या झोकात तोल जाऊन पाय आत पडला, तरी तो दोषच! जाळ्याजवळ उभे राहून चेंडू खाली आदळण्याचा मोह हा नियम मोडून काढतो.

या पट्ट्यामुळेच एक नाजूक फटका जन्माला आला. त्याचे नाव 'डिंक'. लाडवातला नव्हे! जाळ्यावरून जेमतेम पलीकडे, समोरच्या किचनमध्ये अलगद चेंडू टाकायचा. तो खाली राहतो, त्यामुळे समोरच्याला जोरात मारता येत नाही. त्यालाही तसाच अलगद परतवावा लागतो. चौघे खेळाडू रेघेपाशी उभे राहून असे पंधरा-वीस डिंक करतात, आणि ज्याचा धीर सुटतो त्याचा चेंडू वर जातो. डिंक मनगटाने मारायचा नाही. पॅडल सैल धरून, गुडघ्यांत वाकून, खांद्यातून हात पुढे ढकलायचा. मला हे साधायला दोन महिने लागले.

गुण आणि पायांची काळजी

पारंपरिक पद्धतीत डाव ११ गुणांचा असून किमान दोन गुणांच्या फरकाने जिंकावा लागतो. गुण फक्त सर्व्हिस करणाऱ्या बाजूलाच मिळतो. दुहेरीत सर्व्हिसपूर्वी तीन आकडे मोठ्याने सांगतात : आपले गुण, समोरच्यांचे गुण आणि आपण पहिले की दुसरे सर्व्हिस करणारे. बाजूतल्या दोघांनाही पाळी मिळते; मात्र डावाच्या आरंभी एकालाच, म्हणून सुरुवात 'शून्य-शून्य-दोन' अशी होते. हे गणित पहिल्या दिवशी कोणालाच उमजत नाही. चौथ्या दिवशी ते आपोआप तोंडात बसते.

खेळ सोपा दिसतो म्हणून शरीराची हयगय करू नये. डोक्यावरून जाणाऱ्या चेंडूसाठी उलट्या पावली धावणे हे पडण्याचे मोठे कारण. आधी वळावे, मग धावावे. केवळ धावण्यासाठी बनवलेले बूट बाजूच्या हालचालींत पायाला आधार देत नाहीत, घोटा मुरगळतो. कोर्टवरचे सपाट तळाचे बूट घालावेत. खेळापूर्वी दहा मिनिटे पोटऱ्या व खांदे मोकळे करावेत.

हे सारे कशासाठी?

आता मुद्द्याचे. दहावीपर्यंत आम्ही मुली लंगडी, खो-खो खेळत होतो. नंतर शिकवण्या आल्या, घरची कामे आली आणि खेळ सुटला तो सुटलाच. महाविद्यालयात निवड होते ती आधीच तरबेज असलेल्यांची. बाकीच्यांनी टाळ्या वाजवाव्यात, अशी रीत. वर्षातून एकदा क्रीडादिनाला मैदानात जाणाऱ्यांची आमच्यात मोठी संख्या आहे. मीही त्यांच्यातलीच होते. या खेळात मात्र पहिल्याच आठवड्यात चेंडू इकडून तिकडे जाऊ लागतो. आमच्या दुपारच्या डावात मराठीच्या बाई माझ्या जोडीला असतात आणि आम्ही दोघी मिळून बॅडमिंटन संघातल्या मुलांना अधूनमधून हरवतोही, ते केवळ डिंकाच्या बळावर.

शहरात आता तासावर भाडे घेणारी चकचकीत मैदाने झाली आहेत. महागडी पॅडल्स मिरवण्याची हौसही आली आहे. अंगणात जे हाती लागले त्यातून उभा राहिलेला हा खेळ खिशाकडे पाहून खेळायचा झाला, तर त्याच्या नावालाच बाध येईल. म्हणून जिमखाना समितीला एक विनंती आहे. बॅडमिंटन संघाचा सराव सकाळ-संध्याकाळ असतो; दुपारी १ ते ३ मैदान रिकामे असते. या दोन तासांवर, संघात नसलेल्यांचा हक्क लेखी नोंदवला जावा. पॅडलवर चेंडूचा टक्-टक् आवाज होतो आणि वाचनालयाच्या खिडक्या मैदानाकडे उघडतात, ही अडचण खरी आहे; परीक्षेच्या महिन्यात आम्ही ते तास आनंदाने सोडू.

तोवर ज्यांना शिकायचे आहे त्यांनी बोलावण्याची वाट पाहू नये. जाळे खाली आणायला पाच मिनिटे लागतात. चार पॅडल्स जिमखान्याच्या कपाटात आहेत, आणि किल्ली शिपाईमामांकडे मिळते.